थर्माकोल आणि पॉलिस्टायरीन: ओळखायचं कसं, कापायचं कसं, कशानं चिकटवायचं

फ्रिजमधला भाजीचा पारदर्शक ट्रे, सीडीची कडक डबी, टीव्हीच्या खोक्यातले पांढरे ठोकळे आणि हेल्मेटच्या आतलं टणक अस्तर, या सगळ्यांत बहुतेक वेळा एकच प्लास्टिक असतं: पॉलिस्टायरीन. थर्माकोल म्हणजे हेच प्लास्टिक, फक्त फुगवलेलं. एकदा हे कळलं की बाकीचा गोंधळ बराच सुटतो, कारण भरीव असो वा फुगवलेलं, त्याचे शत्रू तेच राहतात: थिनरसारखी द्रावकं, शंभर अंशांच्या आसपासची उष्णता, कडक ऊन आणि आग. थर्माकोलचं काम बिघडतं ते बहुधा यांच्यापैकी एकामुळेच.

चार रूपं

साधं भरीव पॉलिस्टायरीन काचेसारखं पारदर्शक आणि कडक असतं. घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त, दर घन सेंटिमीटरला सुमारे 1.05 ग्रॅम. ते ताणलं तर दोन-तीन टक्क्यांच्या आतच तुटतं, वाकणं त्याला माहीत नाही. टेबलावर टाकलं तर पत्र्यासारखा खणखणीत आवाज येतो. हा ठिसूळपणा घालवायला त्यात थोडं रबर मिसळतात, त्याला कारखान्यात ‘हिप्स’ म्हणतात. ते दुधी दिसतं आणि वाकवलं की वाकल्या जागी पांढरा पट्टा उमटतो. अनेक फ्रिजांच्या आतल्या भिंती त्याच्याच असतात.

थर्माकोल करताना पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन नावाचा, गरम झाल्यावर लगेच वायू होणारा द्रव आधीच मुरवलेला असतो. वाफ दिली की मणी मऊ होतात, पेंटेन पसरतो आणि मणी मूळ आकाराच्या चाळीसेक पट फुगतात. मग ते काही तास मुरू देतात, साच्यात भरतात आणि पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवतात. तयार वस्तूत साधारण 98 टक्के हवा असते. साच्यातून नुकती निघालेली शीट नंतरचे काही दिवस किंचित आकसते. म्हणून मापात घट्ट बसवायचं काम असेल तर दोन-तीन आठवडे जुनी शीट घ्यावी, नाहीतर सांध्यांत फटी पडतात.

चौथं रूप एक्सपीएस. ते मण्यांचं नसतं, यंत्रातून सलग फेस बाहेर काढून केलेलं असतं. बहुतेकदा निळं, गुलाबी किंवा हिरवट. कापल्यावर मणी दिसत नाहीत, कड गुळगुळीत येते आणि पाणी फारच कमी शिरतं. गच्चीवर फरशीखाली घालायचं तर हेच घ्यावं. थर्माकोलचे मणी स्वतः पाणी पीत नाहीत, पण मण्या-मण्यांमधल्या बारीक फटींतून पाणी आत जातं आणि एकदा गेलेलं लवकर निघत नाही.

ओळखायची साधी चाचणी

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 6 आकडा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर भरीव तुकड्यासाठी मिठाची चाचणी करा. एक ग्लास साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला 150 ग्रॅम मीठ या हिशेबानं पूर्ण विरघळवलेलं पाणी. तुकडा बुडवून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं काढून टाका, नाहीतर निकाल चुकतो. साध्या पाण्यातच तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. साध्या पाण्यात बुडाला आणि मिठाच्या पाण्यात तरंगला तर पॉलिस्टायरीन असण्याची शक्यता मोठी. दोन्हींत बुडाला तर पेट बाटलीचं प्लास्टिक किंवा पीव्हीसी. एबीएस नावाच्या दुसऱ्या एका कडक प्लास्टिकची घनताही जवळपास हीच, पण ते चिवट असतं: कोपरा पकडीनं वाकवा, पारदर्शक पॉलिस्टायरीन कटकन तुटेल. जाळून पाहायची पद्धतही आहे, पण काळ्या काजळीचा धूर नाकातोंडात घेण्यापेक्षा मीठ बरं.

शीट घेताना तराजू हवा

थर्माकोल दुकानात जाडीवर विकतात, दर्जा मात्र ठरतो घनतेवर. बाजारातली नेहमीची शीट 1 मीटर × 0.5 मीटरची. ती 50 मिलिमीटर जाड असेल तर तिचं आकारमान 0.025 घनमीटर. घनमीटरला 15 किलोची असेल तर वजन 375 ग्रॅम भरलं पाहिजे, 20 किलोची असेल तर 500 ग्रॅम. 250 ग्रॅम भरली तर ती 10 किलोची आहे, मग दुकानदार काहीही सांगो. उष्णतारोधक थर्माकोलसाठी आपल्याकडे आयएस 4671 हे मानक आहे. छताखाली किंवा भिंतीला 15 ते 20 किलोची घनता पुरते, वर पाय पडणार असेल तर 25–30 लागते. 20 किलोच्या शीटवर चौरस मीटरला साधारण दहा टनांचा दाब आला की ती जाडीच्या दहा टक्के दबते. कायमचा भार मात्र याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत ठेवावा, कारण थर्माकोल वर्षानुवर्षांच्या वजनाखाली हळूहळू बसत जातो.

शीट मोडून पाहा. मोडलेल्या जागी मणी मधोमध फाटलेले दिसले तर वाफ नीट बसली आहे. अख्खे गोल मणी सुटून आले तर जोड कच्चा आहे, अशी शीट कापताना भुगा होणार आणि पाणीही पिणार.

कापणं

सरळ कापासाठी कागद कापायचा सरकवायच्या पात्याचा कटर पुरतो, पण पातं कोरं करकरीत हवं. पातं पूर्ण बाहेर काढा, शीटशी अगदी निमुळता कोन ठेवा आणि खाली न दाबता लांब ओढा. 50 मिलिमीटरची शीट एका झटक्यात कापायची नाही, तीन-चार वेळा त्याच रेघेवरून जायचं. बोथट पातं मणी कापत नाही, उपटतं, आणि कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. पात्यावर मेणबत्ती घासली की ओढ हलकी होते. भुगा स्थिर विजेमुळे अंगाला, भिंतीला, सगळीकडे चिकटतो. कापायच्या आधी भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याचा हलका फवारा शीटवर मारला तर तो जागच्या जागी राहतो.

वळणदार कापासाठी तापती तार. ती घरी करता येते, पण मोजूनमापून करावी. लाकडी कमानीत 30 सेंटिमीटर नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार ताणा, जाडी 0.4 मिलिमीटर. या तारेचा रोध मीटरला साधारण साडेआठ ओहम, म्हणजे आपल्या तुकड्याचा सुमारे 2.6 ओहम. थर्माकोलला अडीच अँपिअर पुरतात, त्यासाठी साडेसहा व्होल्ट लागतात आणि शक्ती होते सोळा वॉटच्या आसपास. व्होल्ट कमी-जास्त करता येणारा, निदान 3 अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय घ्या, 3 व्होल्टपासून सुरू करा आणि हळूहळू चढवा. थेट 12 व्होल्टला जोडली तर साडेचार अँपिअरच्या वर जातात, तार लाल होते, कापाची फट रुंदावते आणि शीट पेटूही शकते. घरच्या 230 व्होल्टवर पंख्याचा रेग्युलेटर लावून कापायचे व्हिडिओ पाहायला मिळतात. तसं कधीही करू नका. तार उघडी असते आणि हात तिच्यापासून वीतभर अंतरावर.

कमानीच्या एका टोकाला स्प्रिंग हवीच. 30 सेंटिमीटरची तार तापली की जवळपास एक मिलिमीटर लांबते. स्प्रिंग नसेल तर ती ढिली पडून पोट काढते, आणि वरून बरोबर दिसणारा काप आतून वाकडा येतो.

तापमान बरोबर आहे हे डोळ्यांना कळतं. तार लाल दिसत नाही, शीट बोटाच्या हलक्या दाबानं सरकते आणि कापलेल्या दोन कडांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ओढले जातात. तार थंड असेल तर ती मध्यभागी मागे राहते आणि मणी ओरबाडले जातात. फार गरम असेल तर कडेवर चकचकीत कवच येतं आणि कोपरे गोल होतात. वेग शेवटपर्यंत सारखा ठेवा: मध्येच थांबलात की त्याच जागी खड्डा. धुरात स्टायरीन असतं, म्हणून खिडकीजवळ, पंखा धूर बाहेर ओढेल असा लावून काम करायचं. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2018 साली ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे, तेव्हा लहान मुलांना त्या खोलीत ठेवू नका.

चिकटवणं

सर्वांत जास्त शीट वाया जातात त्या इथे. नियम एकच: थिनर, टोल्युइन, अॅसिटोन, पेट्रोल असलेलं काहीही थर्माकोलला लावायचं नाही. सुतार सनमायका बसवायला जो पिवळट रबरी गोंद वापरतात त्यात हीच द्रावकं असतात. तो लावल्यावर शीट आत आत खचत जाते. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंदही थर्माकोलला खड्डा पाडतो. भरीव पॉलिस्टायरीनला मात्र तो चालतो, सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी छटा येते एवढंच.

पांढरा फेव्हिकॉल सुरक्षित आहे, पण त्याला पाणी बाहेर पडायला वाट लागते. थर्माकोलवर कागद, कापड किंवा लाकूड चिकटवताना ती वाट मिळते. दोन थर्माकोल शीट एकमेकांवर चिकटवल्या तर पाणी मधे कोंडतं: कडा सुकतात आणि मधला भाग आठवडाभर ओला राहू शकतो. उपाय असा. दोन्ही बाजूंना पातळ हात मारा, पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवा, बोटाला चिकट लागू लागलं की जोडा, टूथपिक टोचून सरकणं थांबवा आणि वर पुस्तकांचं वजन ठेवून पूर्ण दिवस हात लावू नका. घाई असेल तर दोन भागांचा इपॉक्सी घ्यावा, त्यात द्रावक नसतं. मात्र त्याचा जाड थर देऊ नका, कारण इपॉक्सी सुकताना स्वतः तापतो आणि एका जागी साचलेला गोळा थर्माकोल वितळवू शकतो. ग्लू गनचंही तसंच: गरम गोंद थर्माकोलवर न लावता समोरच्या लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर लावा, दहा सेकंद थांबा, मग दाबा. भिंतीला शीट लावायची तर सिमेंटवर आधारित टाइल अॅडेसिव्ह उत्तम धरतं.

नवीन कुठलाही गोंद असो, आधी टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाका आणि दहा मिनिटं पाहा. द्रावकाची ताकद बघायची असेल तर संत्र्याची साल शीटजवळ धरून दुमडा. सालीतून उडालेले बारीक थेंब थर्माकोलवर टाचणीएवढे खड्डे पाडतात, कारण त्या तेलातलं लिमोनिन पॉलिस्टायरीन विरघळवतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही हेच: त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीनची बटणं आणि डब्या चिकट होतात, त्यांच्याशेजारी ठेवू नयेत.

रंगवणं

स्प्रेचे डबे आणि टर्पेंटाइनवाला ऑइलपेंट नको. पाण्यातला अॅक्रिलिक किंवा भिंतीचा इमल्शन चालतो. मण्यांच्या रेघा झाकायच्या असतील तर आधी फेव्हिकॉल आणि पाणी समान घेऊन त्यात खडूची पूड दाट होईपर्यंत कालवा आणि दोन हात मारा, मधे चार तास जाऊ द्या. या थरावर स्प्रे मारता येईल असं बरेच जण समजतात. त्या थरात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी रंगातलं द्रावक खाली उतरतं. वरचा रंग साबूत दिसतो, पण बोट टेकवलं की आत पोकळी लागते.

उन्हात राहणाऱ्या वस्तूला रंग किंवा गिलावा हवाच. उघडा थर्माकोल काही महिन्यांत पिवळा पडतो आणि हात फिरवला की पिठासारखी भुकटी निघते.

बर्फाची पेटी: जाडीचा हिशेब

थर्माकोलचा खरा गुण उष्णता अडवणं. आत 40 × 30 × 30 सेंटिमीटर जागा असलेली पेटी घ्या, बाहेर दिवसभराचं सरासरी तापमान 32 अंश, आत वितळता बर्फ. भिंत 25 मिलिमीटरची असेल तर दिवसाला सुमारे 9 किलो बर्फ फक्त भिंतीतून शिरलेल्या उष्णतेनं वितळतो. 50 मिलिमीटरला तेच 5 किलोवर येतं. झाकण उघडणं आणि फटी यांचा तोटा वेगळा. म्हणून जाडी वाढवण्याआधी झाकणाची बैठक पाहा: झाकणाच्या आतल्या बाजूला पेटीच्या तोंडात बसेल अशी दोन सेंटिमीटरची पायरी काढली की पुष्कळ फरक पडतो.

मासळीसाठी किनारपट्टीवर हीच पेटी चालते. उन्हाळ्यात जेवढी मासळी तेवढाच बर्फ, ठेचलेला, तळाला एक थर, मग आळीपाळीनं, शेवटचा थर बर्फाचा. तळाशी कोपऱ्यात बोटभर भोक हवं, नाहीतर खालची मासळी वितळलेल्या घाण पाण्यात पडून राहते. आतून अस्तर लावायचं तर पॉलिथिनचं लावा. मऊ पीव्हीसी किंवा रेक्झिन नको, त्यातलं मऊपणा देणारं तेल थर्माकोलमध्ये उतरतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटून खराब होतात.

पत्र्याच्या छताखाली

पत्र्याच्या घरात 50 मिलिमीटरच्या थराचा फायदा पहिल्या उन्हाळ्यातच कळतो. पण दोन गोष्टी सांभाळल्याशिवाय हे काम करू नये. पहिली वायरिंग. विजेच्या मऊ पीव्हीसी वायरी थर्माकोलला टेकून राहिल्या की वायरीतलं तेलकट मऊकारक थर्माकोलमध्ये जातं, शीटमध्ये वायरीच्या आकाराची चर पडते आणि वायरीचं वेष्टण कडक होऊन तडकतं. शिवाय कोंडलेली वायर जास्त तापते. वायरी कडक पीव्हीसी पाइपातून घ्याव्यात, शीटपासून दूर.

दुसरी आग. थर्माकोल सहज पेटतो, जळते थेंब खाली गळतात आणि दाट काळा धूर होतो. छतासाठी आयएस 4671 मधला एसई, म्हणजे ज्योत काढली की विझणारा प्रकार मागा. तोही न जळणारा नव्हे, तेव्हा खालून जिप्सम बोर्ड किंवा गिलावा करून झाका. चुलीच्या, देवाजवळच्या दिव्याच्या वर उघडी शीट कधीच नको. छताजवळ वेल्डिंग करायचं असेल तर आधी शीट उतरवा.

फ्रिज, हेल्मेट, चहा

फ्रिजचा ट्रे किंवा दाराची कड तडकते त्याचं कारण पुष्कळदा धक्का नसून तेल असतं. लोणी, खाद्यतेल, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये मुरतं आणि बारीक तडे जातात. पुसायला कोमट पाणी आणि थोडा साबण किंवा खायचा सोडा वापरा, थिनर किंवा अॅसिटोनवाला क्लीनर नको. तडा गेलाच तर त्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडा, तडा पुढे सरकायचा थांबतो. मग मागून फायबरची जाळी ठेवून इपॉक्सीचा थर द्या.

हेल्मेटमधला थर्माकोल धक्क्यात चिरडला जाऊन ऊर्जा शोषतो, आणि चिरडलेला परत फुगत नाही. मोठा अपघात झालेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. आतून पुसायला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, पेट्रोलच्या टाकीवर उलटं ठेवू नका.

खाण्याच्या बाबतीत सीमा 70 अंशांच्या आसपास धरावी. हे प्लास्टिक शंभराच्या जवळ मऊ होतं. उकळता चहा, गरम तेलकट भजी त्यात नको, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. उष्णता आणि तेल एकत्र आले की स्टायरीन पदार्थात उतरण्याचं प्रमाण वाढतं.

बंदी आणि उरलेले तुकडे

महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेनं थर्माकोलची ताटं, वाट्या, पेले आणि सजावट बंद झाली. केंद्राच्या नियमांनुसार 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहे. गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं, कापडाचं किंवा लाकडाचं करा. थर्माकोलचे मणी ओढ्यात गेले की कुजत नाहीत, तुटून आणखी बारीक होतात आणि मासे ते खातात. कायदा नसता तरी चार दिवसांच्या कामाला हा माल वापरू नये, तो पंधरा-वीस वर्षं टिकणाऱ्या कामाचा आहे.

टीव्ही-फ्रिजबरोबर आलेले ठोकळे फोडू नका, अख्खे ठेवा: घर बदलताना तेच लागतात. भंगारवाला थर्माकोल घेत नाही, कारण घनमीटरभर ढिगाऱ्यात पंधरा-वीस किलोच माल असतो आणि टेम्पोचं भाडंही सुटत नाही. दाबून घट्ट करणारं यंत्र असलेल्या ठिकाणी मात्र घेतात, फक्त टेप, लेबल, मासळीचा वास नसलेला कोरडा माल द्या. जाळायचा नाही. पेट्रोलमध्ये विरघळवून ‘घरगुती गोंद’ करायचा प्रकारही टाळा, तो डबा म्हणजे झाकण लावलेली आग आहे. न वापरलेल्या शीट सावलीत, आडव्या, रंग आणि थिनरच्या डब्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. डबा नीट बंद नसेल तर नुसत्या वाफेनंही शीटचा पृष्ठभाग खचतो. उंदीर आणि मुंग्या थर्माकोल पोखरतात, म्हणून थप्पी जमिनीपासून वीतभर उंच असावी आणि महिन्यातून एकदा हलवून पाहावी.